सरळ पायांचे नंदी

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या सकाळी मंत्रीसाहेबांच्या ओसरीत चाळीस बैल येऊन उतरले. एकालाही चारापाणी लागत नव्हतं. सगळे सागवानी, वीतभर उंच, पायांखाली चाकांची पाटी, आणि एका आईच्या पोटचे असावेत इतके सारखे. लकडगंजच्या नानाजी दलालाने ते तणसात गुंडाळून हातठेल्यावर धाडले होते.

"हे कोनाचे हो?" प्रयागबाईंनी विचारलं.

रुपराव आरशासमोर गालाला साबण लावून बसले होते. "पोट्ट्याइचे."

"कोनत्या पोट्ट्याइचे?"

"मंडळाच्या. शामलाच्या वर्गातल्या."

"शामलाचा वर्ग नंदनवन वस्तीत हाय. बैल लकडगंजवरून काहून आले मंग?"

रुपरावांनी वस्तरा खाली ठेवला. ते बायकोशी बोलतानाही आधी घसा साफ करत. "मी जाऊन पाहिले पोरांचे नंदी. एकाचे तीन पाय जमिनीवर आणि चौथा हवेत. एकाचं वशिंड मानेवर. एकाला शिंगंच नाहीत, म्हणे ते वासरू आहे. आज मुंबईहून राज्यमंत्री येऊन राहिले. त्यांना काय दाखवू?"

"पोट्ट्याइनं केलेलं."

"तेच दाखवतो आहे. फक्त जरा बरं केलेलं."

हा मुद्दा बिनतोड होता. गेली सोळा वर्षं विदर्भ बालकला विकास मंडळाचा कारभार अशाच बिनतोड मुद्द्यांवर चालला होता.

ते मंडळ रुपरावांच्या हाती कसं आलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे. सदुसष्ट साली ते अकरा महिने उपमंत्री होते. खातं मत्स्यव्यवसायाचं. मौद्याच्या माणसाला समुद्र कॅलेंडरवर तेवढा माहीत, पण अकरा महिने त्यांनी मासे सांभाळले आणि माशांनीही कधी तक्रार केली नाही. मग मंत्रिमंडळ बदललं. पक्षाच्या पुढाऱ्याने खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "रुपराव, लहान मुलांच्या कलेचं काहीतरी बघा." बघायला सांगितलं म्हणून ते सोळा वर्षं बघत होते. या काळात त्यांनी दीपप्रज्वलनं केली, फिती कापल्या, 'बालक हे देशाचं भवितव्य' या विषयावर दोनशेवर भाषणं दिली. स्वतः एक आंबासुद्धा काढला नाही. अकरा महिने संपून सोळा वर्षं झाली तरी घरात, गल्लीत आणि दुधवाल्याच्या तोंडी ते मंत्रीसाहेबच राहिले. आता विधान परिषदेची एक जागा रिकामी होणार होती, आणि ती रिकामी राहू नये अशी त्यांची इच्छा होती.

प्रयागबाईंनी एक नंदी उचलला. तणस झटकलं, आणि घरात आलेली कुठलीही वस्तू बाई जशी पाहते तसा उलटा करून पाहिला. पोटाखाली बोटभर जागेवर रंधा फिरलाच नव्हता. तिथे झाडाची साल तशीच होती. खरखरीत, करडी.

त्यांनी दुसरा उलटा केला. तिसरा. दहावा. सगळ्यांच्या पोटाला बोटभर साल.

आणि प्रयागबाईंनी एकदम पदर डोक्यावर ओढून घेतला. अशी साल फक्त त्यांच्या भासऱ्याच्या कामाला असे, आणि ओसरीत तशी चाळीस कामं मांडली होती. भासऱ्यापुढे डोकं उघडं ठेवायचं नसतं. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, पण देवाजींशी त्या एकदाही थेट बोलल्या नव्हत्या. काही सांगायचंच असलं तर पोराला सांगत, नाहीतर भिंतीला. देवाजीही भिंतीलाच उत्तर देत. या घरातल्या भिंतींना दोन्ही बाजूंचं सगळं ठाऊक होतं.

रुपराव त्याच मौद्याच्या घरात वाढले होते. सालीची गोष्ट त्यांनाही माहीत असायला हवी होती. पण रुपरावांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट उलटी करून पाहिली नव्हती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," प्रयागबाई म्हणाल्या. "बैल चांगले हायेत."

*

त्या वेळी देवाजी नंदनवनातल्या शेडीत खाली बसून एका बैलाला चौथा पाय जमिनीला टेकवायला शिकवत होते. बैल आठ वर्षांच्या प्रेमिलाचा. तिचा बाप लहानू लकडगंजला लाकडाच्या टालावर ओझी वाहायचा.

"आजोबा, हा उभाच नाही राहून राहिला."

"राहीन. तीन पाय कानशीनं घास. चौथा लांबवता येत नसते."

देवाजी अडुसष्ट वर्षांचे. विसाव्या वर्षी मौदा सोडून लकडगंजात सुतारकीला लागले. त्यांच्या लाकूड तासायच्या वाकसावर रुपराव मॅट्रिक झाले, वकील झाले आणि पुढे माशांपर्यंत पोचले. शेड देवाजींनीच उभी केली होती, टालावरच्या टाकाऊ फळ्यांची. लेक शामला सकाळी महानगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि दुपारी इथे. चाळीस मुलं यायची. माती, रंग, लाकूड, जे मिळेल त्याचं काहीतरी करायची. कागदोपत्री ही शेड म्हणजेच मंडळ होतं. बाकीचं मंडळ रुपरावांच्या लेटरहेडवर होतं.

शेड ज्या प्लॉटवर होती तो दोघा भावांचा. रुपरावांचा अर्धा हिस्सा प्रयागबाईंच्या नावावर होता. शहरी जमिनीचा कमाल मर्यादेचा कायदा आला तेव्हा रुपरावांनी त्या कायद्याच्या समर्थनार्थ चिटणीस पार्काजवळ जोरदार भाषण केलं आणि घरी येऊन आपला हिस्सा बायकोच्या नावावर केला.

दारात जीप थांबली. रुपरावांचा मुलगा गोविंदा उतरला. मंडळाचा तो नवा सचिव. हातात फाईल, डोळ्यांना गॉगल.

"मोठेबाबा, तयार व्हा. पोट्टे घेऊन चला. आणि हा कागद. प्लॉट मंडळाले देल्याचा. राज्यमंत्री आले की स्टेजवर सही करा लागते. तुमाले अन् आईले." त्याने फाईलीतून शाईचा पॅडही काढून दाखवला. "अंगठ्याची सोय केली हाय."

"मले नको," देवाजी म्हणाले. "मले सही येते. आण इकडे कागद, वाचून पाहतो."

गोविंदाने शामलाकडे पाहिलं. मोठेबाबा वाचतात ही गोष्ट घरात चेष्टेची होती. आठ वर्षांपूर्वी शेड झाली तेव्हा ते मुलांसोबत फरशीवर बसून अक्षरं शिकले होते. अजूनही ओठ हलवल्याशिवाय त्यांना वाचता येत नसे, आणि कुठल्याही अक्षराला ते ओळखल्याशिवाय सोडत नसत.

त्यांनी कागद मांडीवर घेतला. गोविंदाने दोनदा घड्याळ पाहिलं.

"ब-हु-उ-द्दे-शी-य," देवाजी थांबले. "हे काय होय गा?"

"बहुउद्देशीय सभागृह. म्हणजे सगळ्यासाठी. लग्न, बारसं, पक्षाचं अधिवेशन. सरकार इमारत बांधून देऊन राहिलं."

"अन् पोट्ट्याइचा वर्ग?"

"राहीन ना. रविवारी." गोविंदाने गॉगल पुसला. "लग्न नसलं तर."

शामला इतका वेळ मुलांचे हात धुऊन देत होती. ती न वळता म्हणाली, "आणि लग्नसराईत?"

"ताई, तू तर लहानसहान गोष्टीत अडकते. बाबा वर गेले तर वर्गाचंच भलं हाय."

"ते सोळा वर्षं वर जाऊन राहिले, गोविंदा. वर्ग इथंच हाय."

गोविंदा हसला. मग मुलांच्या नंद्यांकडे हात करत म्हणाला, "हे राहू दे इथं. स्टेजवर दुसरे मांडले हायेत. पोट्ट्याइनं फक्त आपापल्या नावापाशी उभं राहाचं. कोणी इचारलं तर म्हणायचं, म्या केला. समजलं?"

चाळीस मुलांनी 'हव' म्हटलं. मंडळाच्या सचिवाने घेतलेला तो पहिलाच तास होता.

शामला वडिलांजवळ येऊन बसली. "बाबा, तुमी सही नका करू."

"शब्द देऊन बसलो वं माय. राखीच्या दिवशी मागतला त्यानं. रुप्याले नाही म्हणायची मले सवय नाही."

"मंग वर्ग गेला समजा."

देवाजींनी प्रेमिलाचा बैल जमिनीवर ठेवला. तो थोडा डुगडुगला आणि उभा राहिला. प्रेमिलाने त्याला उलटा करून पोटाखालची साल शाबूत आहे ना हे पाहून घेतलं, कारण आजोबांनी ते पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

*

मांडव शेडीच्या अंगणातच घातला होता. राज्यमंत्री दीड तास उशिरा आले, म्हणजे वेळेवर आले. रुपरावांनी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि हार घालताना आपला चेहरा फोटोग्राफरकडे राहील याची काळजी घेतली.

सगळं जमून आलं होतं. स्टेजवर पायऱ्यापायऱ्यांवर चाळीस नंदी, झुली पांघरलेले, शिंगांना बेगड. प्रत्येकापुढे पुठ्ठ्यावर मुलाचं नाव आणि वय. रुपराव बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांना स्वतःच्याच आवाजाचा अभिमान वाटला.

"हे पाय पाहा," ते म्हणाले. "किती सरळ. सात-आठ वर्षांची ही चिमुकली बोटं. यांना कोणी शिकवलं? कोणीही नाही. कला ही उपजत असते. आम्ही फक्त वाव दिला."

पहिल्या रांगेत देवाजी बसले होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराने पुसला, पुन्हा लावला. नानाजी दलालाने दोन महिन्यांपूर्वी ऑर्डर देताना म्हटलं होतं, गिऱ्हाईक मोठं हाय, पाय सरळ पायजेत. गिऱ्हाईक एवढं मोठं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. दोन महिने ते सकाळ-संध्याकाळ दुकानात या चाळीस बैलांचे पाय सरळ करत होते, आणि दुपारी शेडीत येऊन वाकडे पाय कौतुकाने पाहत होते. हे दोन्ही कळप आज एकाच नावाने उभे राहतील हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

राज्यमंत्र्यांनी पायऱ्यांवरून नजर फिरवली आणि मधल्या नंदीवर बोट ठेवलं. "हा. याला पहिलं बक्षीस. काय सफाई आहे."

"कुमारी प्रेमिला लहानू मेश्राम," गोविंदाने माईकवर वाचलं. "वय वर्षे आठ."

प्रेमिला स्टेजवर चढली. शामलाने कडेचा खांब धरला.

"तू केलास का ग हा?" राज्यमंत्र्यांनी वाकून विचारलं.

प्रेमिलाने आधी गोविंदाकडे पाहिलं, मग शामलाकडे. "हव," ती म्हणाली.

"किती दिवस लागले?"

"चार दिवस."

"आणि हे पाय इतके सरळ कसे केलेस?"

"असेच होते," प्रेमिला म्हणाली.

टाळ्या वाजल्या. शामला वाजवू शकली नाही. चार वर्षांपासून ती या पोरीला शिकवत होती की जे दिसतं ते काढ, डोक्यातलं नको. आज पोरगी भरल्या मांडवासमोर न अडखळता खोटं बोलली होती. मंडळाने शिकवलेली पहिली कला तिने एका सकाळीत उचलली, हे मात्र खरं.

मग टेबलावर कागद आला. रुपरावांनी घसा साफ केला. "आमच्या कुटुंबाने ही भूमी बालकलेला अर्पण करायचं ठरवलं आहे. माझे वडील बंधू आणि माझी पत्नी."

"आधी बहिणी," राज्यमंत्री म्हणाले. मुंबईत असं म्हणायची पद्धत होती.

प्रयागबाई पदर कपाळापर्यंत ओढून स्टेजवर आल्या. भासरा सहीसाठी पेन उघडून आधीच दोन हातांवर येऊन उभा होता. गोविंदाने आईचा अंगठा धरून पॅडवर दाबला. निळाशार झाला. त्याने कागद पुढे सरकवला.

प्रयागबाईंनी अंगठा तसाच हवेत ठेवला. प्रेमिला अजून बक्षिसाचा नंदी छातीशी धरून तिथेच उभी होती. प्रयागबाईंनी मान खाली घातली आणि त्या तिच्याशी बोलल्या. चौतीस वर्षं भिंतींशी बोलून त्यांचा आवाज असा झाला होता की भिंतीपलीकडेही नीट ऐकू जायचा. माईक समोरच होता.

"पोरी, त्याइले इचार, या नंदीच्या पोटाले साल काहून ठेवली?"

प्रेमिलाने देवाजींकडे पाहिलं. ते दोन हात लांब होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. पण रीत ती रीत. पोरीने पूर्ण प्रश्न पुन्हा विचारला.

देवाजी तिच्याचकडे पाहत म्हणाले, "सांग तिले, झाडाचं सगळं घ्यायचं नसते. बोटभर झाडाचा वाटा झाडाले ठेवा लागते. आमच्या बापापासून चालत आलं हाय."

"प्रयाग," रुपराव दातांतून म्हणाले, "अंगठा दे."

"त्याइले इचार," प्रयागबाई पोरीला म्हणाल्या, "मंग या कागदात पोट्ट्याइचा वाटा कुठं ठेवला हाय? मले वाचता येत नाही. त्याइले येते म्हणतात."

मांडवात कोणीतरी खोकलं. गोविंदाने कागद थोडा मागे ओढला. कागदाला ऐकू येईल असं त्याला वाटलं असावं.

देवाजींनी रुपरावांकडे पाहिलं. भावाचा चेहरा त्यांना ओळखीचा होता. शाळेत धडा न करता गेलेल्या पोराचा. त्या चेहऱ्यासाठी त्यांनी पंचवीस वर्षं वाकस चालवला होता आणि आजही चालवला असता.

"सांग तिले," शेवटी ते म्हणाले. "कागद म्या सकाळी पुरा वाचला. एक अक्षर नाही सोडलं. त्याच्यात पोट्ट्याइचा वाटा नाही. रविवारचा हाय, लग्न नसलं तर. तोही तोंडी."

"मंग त्याइले सांग," प्रयागबाई म्हणाल्या, "का बालगटात पहिला नंबर त्याइचा आला. अभिनंदन."

आणि अंगठ्याची शाई कुठेतरी पुसायला हवी होती. लुगडं नवं होतं. त्यांनी प्रेमिलाच्या हातातला नंदी उलटा केला आणि पोटाखालच्या बोटभर सालीवर अंगठा दाबून घासला. हाताशी खरखरीत अशी तीच एक जागा होती. मग त्या पदर सावरत खाली उतरल्या. देवाजींनी पेनाचं टोपण लावलं, पेन फाईलीवर ठेवलं आणि तेही उतरले. दोघे एकमेकांशी एक शब्द न बोलता वेगवेगळ्या बाजूंनी गेले.

सोळा वर्षांत पहिल्यांदा रुपरावांकडे पुढचं वाक्य नव्हतं. पण नशीब मंत्र्यांचं असतं. राज्यमंत्र्यांना या बोलीतला एकही शब्द धड कळला नव्हता. त्यांनी डोळे पुसले.

"अहाहा," ते म्हणाले. "बैलाला अंगठा वाहायचा. किती सुंदर प्रथा आहे तुमच्याकडे. घरातली स्त्री, घरातलं मूल, आणि वृद्ध. हे आमच्या मुंबईत कुठे राहिलंय?" त्यांनी फोटोग्राफरला हाक मारली. "याचा फोटो झाला का?"

झाला होता. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात तिसऱ्या पानावर तो छापून आला. 'तान्ह्या पोळ्याचा प्राचीन अंगठा-विधी. माजी उपमंत्र्यांनी जपला वारसा.' विधान परिषदेची जागा दुसऱ्याच कोणाला मिळाली, पण पुढल्या वर्षी सरकारकडून पत्र आलं की अंगठा-विधी त्याच जुन्या शेडीसमोर, त्याच पारंपरिक वातावरणात व्हावा, दिल्लीहून पाहुणे येणार आहेत. प्राचीन विधी असा सहज बदलता येत नाही. रुपरावांनी सभागृहाचा विषय फाईलीत ठेवला आणि परंपरेवर भाषण लिहायला घेतलं. प्रयागबाईंना त्यांनी त्या पोळ्यानंतर दोन महिने काही म्हटलं नाही. बोलायचंच झालं तर भिंतीशी बोलत.

*

त्या पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी पोरं आपापले वाकडे नंदी घेऊन घरोघर बोजारा मागत फिरली. कुठे चिवडा मिळाला, कुठे दहा पैसे. प्रयागबाईंच्या दारातून चाळीसच्या चाळीस गेली. त्यांनी प्रत्येकाच्या नंदीला ओवाळलं, तीन पायांच्यालाही.

प्रेमिला सगळ्यात शेवटी लकडगंजच्या दुकानात आली. एका हातात तिचा बैल, दुसऱ्या हातात गुंडाळलेलं प्रमाणपत्र. तिने ते देवाजींच्या पुढ्यात, रंध्याच्या कपच्यांवर ठेवलं.

"आजोबा, हे तुमचं होय. म्या नाही केला तो. माझा हा होय."

शामला तिथेच दिवा लावत होती. तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

देवाजींनी प्रमाणपत्र उलगडलं, चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचायला लागले. कु-मा-री. प्रे-मि-ला. एकही अक्षर न सोडता ते खालच्या ओळीपर्यंत आले आणि थांबले.

"शामला, सगळं खोटं लिहिलं वं. नाव खोटं, गट खोटा, खाली रुप्याची सही." त्यांनी बोट टेकवलं. "पण एवढं बरोबर हाय. वय वर्षे आठ."

"ते कसं, बाबा?"

"शेड झाली त्या साली 'अ' शिकलो ना मी. आठ वर्षं झाली," देवाजी म्हणाले, आणि त्यांनी कानस उचलली. "आण वं पोरी तुझा बैल. अजून डुगडुगून राहिला तो."